साडेचारच्या खाली

आधी काट्यावर टॉवेल अंथरायचा, मग शून्य करायचं.
थंड पत्र्यानं पोर दचकतं, आकडा नाचतो,
आणि साडेचार किलोच्या खाली डॉक्टर ऐकत नाहीत.
साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा.
इंदुरात छावणीतल्या आमच्या धर्मादाय इस्पितळात
हे पाच दिवस कौल लागतो तो या काट्याचा.

रेमलीचं पोर तीन किलो नऊशे.
मी पुन्हा शून्य केलं, पुन्हा ठेवलं.
तीन किलो नऊशे.
तिनं त्याचं तोंड परत ओढणीखाली घेतलं,
अलीराजपूरपासून बसमध्ये झाकून आणलं होतं तसंच,
आणि कुणी न विचारता म्हणाली,
ग्रहणात मी विळा धरला नव्हता, बाई.
सासूला विचारा. नव्हता धरला.

विळा नाही, चंद्र नाही, मी सांगितलं.
पोटात असताना ओठाच्या दोन कडा
एकमेकींकडे निघतात, कधी कधी पोचत नाहीत.
का, ते मोठ्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही.
तिला हे उत्तर आवडलं नाही.
विळा निदान हातातून खाली तरी ठेवता येतो.

आत एकामागून एक मुलं.
मदुरैचे सर्जन निळ्या शाईनं ओठावर ठिपके देतात,
रांगोळीसारखं, आधी ठिपके, मग रेघ.
भूल देणारी पुण्याची. मला म्हणते,
तुमच्या मराठीत हिंदी फार आहे हो.
असू दे. पिढ्यांपूर्वीचे टाके आहेत ते,
आता टोचत नाहीत.

तिसऱ्या दिवशी गेंदा डावर शिकली
कापसाचा पुंजका नाकाखाली धरायला.
मूल 'प' म्हणताना कापूस हलला
तर वारा नाकातून पळतोय.
भुवानसिंग आठ वर्षांचा, टाळूला गेल्या वर्षी टाके पडलेले.
म्हण, पोहा.
कापूस थरथरला.
पुन्हा. पुन्हा.
लाच आधीच कबूल केलेली: वर शेव, जिरावन, लिंबू.
अकराव्या खेपेला कापूस हलला नाही.
आम्ही सगळ्या श्वास धरून त्या कापसाकडे बघत राहिलो.
भुवानसिंग म्हणाला, मग आणा की.

चमचा मी शिकवला गेंदाला.
पुस्तकात दोन ओळी आहेत, आम्हाला अख्खी सकाळ लागली.
पोर बसतं धर. चमचा खालच्या ओठाला टेकव,
ओतू नको, त्याला घेऊ दे.
नाकातून दूध आलं तर घाबरू नको, थांब.
मग तिनं रेमलीला शिकवलं, आपल्या बोलीत,
आणि माझ्या धड्यात नसलेलं काहीतरी मिसळलं त्यात,
कारण रेमली हसली.
मी अर्थ विचारला.
गेंदानं सांगितला नाही.

रविवारी रात्रीच्या गाडीनं टीम गेली.
हार झाले, फोटो झाला, टाके घातलेली पोरं पुढच्या रांगेत.
रेमली फोटोत नाही.
ती दुपारच्याच बसनं निघाली होती,
एका मांडीवर पोर, दुसरीवर वाटी-चमचा.

आता दर सोमवारी मी जोबटला फोन लावते.
पाड्यावर रेंज नाही, गेंदा टेकडीवर चढते,
धापा टाकत आधी आकडा सांगते, मग राम राम.
तीन नऊशे पन्नास.
चार.
मग एक आठवडा ताप. तीन नऊशे.
मी वहीत खोडत नाही, खाली लिहिते.
वहीत अशी अकरा नावं आहेत,
आणि पुढचं शिबिर फाल्गुनात.

काल म्हणाली, चार दोनशे.
मी म्हटलं, नीट बघितलंस ना? पोर हलत असेल.
पलीकडे नुसता वारा.
मग ती ओरडली, सगळ्या टेकडीला ऐकू जावं असं,
टॉवेल टाकून शून्य केलं होतं, बाई!